वास गेल्यावरचा स्वयंपाक

तापातून उठल्यावर मी पहिल्यांदा जेवले ती नवऱ्यानं केलेली खिचडी. त्यानं आयुष्यात चहापलीकडे काही केलेलं नव्हतं. ताट माझ्यापुढे ठेवून तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "लई करपलीय. वरची वरची खा."

मी खाल्ली. वरची, खालची, पातेल्याच्या बुडाची काळी खरवडसुद्धा. त्याच्या शेजारी मामा बसले होते, म्हणजे माझे सासरे. त्यांनी दोन घास घेतले आणि ताट सरकवून पाणी प्यायले. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

"अगं, कशी खाल्लीस?"

"कावून? चांगली तर हाय," मी म्हणाले.

त्याचं मन राखायला मी खाल्ली असं त्याला वाटलं असणार. मला वाटलं, स्वतःच्या हाताला तो उगीच नावं ठेवतोय. पातेलं घासायला घेतलं तेव्हा मोरीत सगळा काळा थर निघाला. तो हातात धरून मी नाकाशी नेला. काहीच नव्हतं. पाण्याचा वास घ्यावा तसं.

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या घरात ताप शिरला होता. आधी सासूला आला, मग मला. सासूला मी आत्या म्हणायचे. त्यांना धाप लागली तसं नवऱ्यानं शेजाऱ्याच्या जीपमधून बीडला नेलं. मुलीला आधीच केजला, माझ्या माहेरी पाठवून दिलं होतं. मी मागच्या पत्र्याच्या खोलीत पडून होते. तिथं सरकीची पोती असायची, त्यांचा कुबट वास सगळ्या अंथरुणाला लागायचा. त्या आजारपणात तो वास मला एकदाही आला नाही, हे माझ्या फार नंतर ध्यानात आलं.

आत्या गेल्याचं मामांनी मला दाराबाहेरून सांगितलं.

"पोरी, तुझी आत्या गेली गं."

मी "हं" म्हणाले. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "पाणी ठेवलंय उंबऱ्यावर. पी." मी उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा आडवी झाले. बीडला सगळं परस्पर उरकलं. नवऱ्यानं लांबूनच पाहिलं. तो परत आला, अंगणात अंघोळ केली, कपडे बाहेरच जाळले. मी खिडकीतून धूर बघितला. एवढंच मला आठवतं. रडले असेन असं वाटून मी पुष्कळदा आठवून बघितलंय. रडले नव्हते.

वास गेलाय हे मी घरात कुणापासून लपवलं नाही. त्याच आठवड्यात सांगितलं. नवऱ्याचं वडवणीत दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींमध्ये नवी तार भरून देण्याचं. मोटार जळली की नुसतीच अडकली, हे तो झाकण काढल्याबरोबर वासावरून सांगतो. त्याला तरी कळेल असं वाटलं.

"मला वासच येईना झालाय," मी म्हणाले. "चव पण न्हाई."

"तापानं तोंड जातंच की. येईल."

"अवो, तोंड जाणं येगळं. हिंगाची डबी नाकाला लावली तरी काही न्हाई."

"आता काय नाकानं स्वैपाक करतेस का तू?" तो हसला आणि शर्ट घालून दुकानाला गेला.

गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं की बऱ्याच जणांना असं होतंय, हळूहळू येतं, रोज लिंबू, लवंग, ओवा हुंगत जा. मी हुंगत गेले. सकाळी देवापुढे दिवा लावला की ओट्यावर मांडून बसायची. लिंबाचं साल नखानं सोलायची आणि नाकाशी धरायची. डोळ्यात रस उडायचा, डोळा चुरचुरायचा. वास नाही. मिरची जिभेला झोंबायची, पण तिला मिरचीची चव नव्हती. नुसता चटका.

पहिले काही दिवस माझे हातच स्वयंपाक करत होते. वीसेक वर्षं तेच पातेलं, तोच डाव, तीच मिठाची बरणी. हात ठरल्या जागी ठरलं तेवढं टाकत होते आणि घर जेवत होतं. मग हात चुकायला लागले. मीठ टाकलं की नाही हे पूर्वी चाखून बघायचे. आता चाखून काही कळायचं नाही, म्हणून पुन्हा टाकायचे. मामा जेवताना तांब्याभर पाणी प्यायला लागले. ते काही बोलत नसत. आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेला माणूस, रानात मिळेल ते खाल्लेला. आता घरी चार शेळ्या होत्या, त्यांना घेऊन सकाळी माळाला जायचे आणि दुपारी यायचे. पण त्यांचा तांब्या मला दिसायचा. मग मी मीठ कमी केलं. मग नवरा मीठ मागायला लागला.

शेंगदाण्याची चटणी मी नेहमी पंधरवड्याची करून ठेवते. पावसाळ्यात दाणे खवट झाले होते. हातानं चोळून, रंग बघून ते कळत नाही. मी भाजले, कुटले, लसूण घातला आणि नवऱ्याच्या डब्यात भाकरीबरोबर दिली. दुकानात बसलेल्या कुणा शेतकऱ्याला त्यानं आग्रह करून वाढली. संध्याकाळी डबा तसाच परत आला.

"त्या माणसानं थुंकली, दुकानाच्या पायरीवर," नवरा म्हणाला. रागावला नव्हता. "मला त्यायच्याकडं बघवना."

वांग्याचं झालं ते तर अजून सगळे सांगतात. आमच्या फळीवर दोन सारखे डबे होते. एकात धन्याची पूड, दुसऱ्यात शिकेकाई. शिकेकाई न्हाणीतच असायची, पण आत्यांनी ओल लागू नये म्हणून ती वर आणून ठेवली होती. झाकण काढलं की वासच सांगायचा कोण कोण आहे. आता दोन्ही तपकिरी. त्या दिवशी वांग्याला फोडणी दिली, पूड टाकली, पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. थोड्या वेळानं झाकण उचललं तर रश्शाला पांढरा फेस आलेला. मला वाटलं शेंगदाण्याच्या कुटाचा आला असेल. डावानं काढून टाकला, तर पुन्हा आला. तरी मी वाढलं.

मामांनी भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला आणि थांबले. मग घास हातावर काढून घेतला आणि ताटाकडे नीट बघितलं.

"पोरी," ते म्हणाले, "वांग्यानं न्हाऊन घेतलंय का काय?"

नवऱ्याला आधी कळलं नाही. त्यानं खाल्लं आणि उठून अंगणात चूळ भरायला पळाला. परत आला तो हसतच. मामाही हसले. आत्या गेल्यावर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं. मग शिकेकाईचा डबा न्हाणीत नेऊन ठेवला आणि दोघांना दूध-भाकरी कुस्करून दिली.

असे दिवस चालले होते. मुलगी घरी आली, शिकायला बीडला गेली. तिला खोलीवर पाठवलेले लाडू तिनं मैत्रिणींना वाटले नाहीत, हे तिनंच नंतर सांगितलं. तूप जुनं होतं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "बरं."

बायका माझ्याबद्दल बोलत होत्या, ते मला ऐकू येत होतं. आठवडी बाजारात भेटलेली एक चुलतसासू दुसरीला म्हणाली, "सासूनं एवढं केलं हिचं, पर डोळ्याला पानी न्हाई बघ." ती मिरच्या निवडत होती आणि मी तिच्या पाठीशीच कोथिंबीर घेत होते. तिचं चूक नव्हतं. आत्यांनी माझं खरंच केलं होतं. बाळंतपणात महिनाभर मला चुलीपुढे जाऊ दिलं नव्हतं. मी कोथिंबिरीची जुडी नाकाला लावली, सवयीनं. हिरवा पाला, थंडगार, ओला. पिशवीत टाकली आणि घरी आले.

मग वर्षश्राद्ध आलं.

आमच्याकडे जेवणावळ म्हटली की येसराची आमटी लागते. येसर म्हणजे आमचा भाजून दळलेला मसाला. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, सुंठ, दगडफूल, बाकीचा खडा मसाला, एकेक वेगळं भाजायचं आणि गिरणीतून काढून आणायचं. आत्यांचा येसर भावकीत नावाजलेला. लग्नकार्य असलं की लोक डबा घेऊन मागायला यायचे. त्या करायच्या तेव्हा मी वर्षानुवर्षं शेजारी बसले होते, पण त्यांनी मोजमाप कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "वास सुटला की उतरायचं. दुसरं काय हाय त्यात?"

त्यांच्या हातचा शेवटचा डबा मी वर्षभर पुरवला होता. श्राद्धाच्या आधीच तो संपला. मग मी नवा केला.

चुलीवर लोखंडी कढई ठेवली आणि भाजायला बसले. रंगावर जायचं ठरवलं. ज्वारी तांबूस झाली, तडतडली, उतरवली. डाळ बरी झाली. धने टाकले. धन्याचा रंग कसा बदलतो हे मी कधी बघितलंच नव्हतं, कारण धन्याला कुणी डोळ्यांनी बघत नाही. वाट बघत बसले. खोबऱ्याचंही तसंच. स्वयंपाकघरावर पत्रा, एकच बारकी खिडकी, आत उजेड कमी. धूर दिसला तेव्हा चुलीचा आहे असं वाटलं. त्या वेळी मामा शेळ्या घेऊन गेले होते आणि नवरा दुकानात होता. घरात नाक असलेलं कुणीच नव्हतं.

गिरणीवाल्यानं पूड बघितली आणि म्हणाला, "वैनी, जरा जास्तच काळा निघाला की." मी म्हणाले, "आत्यांचा पण काळाच असायचा."

श्राद्धाला भावकी आली, पाहुणे आले. बीडजवळच्या पालीहून माझी नणंद आली. ती मामांची एकुलती मुलगी, नवऱ्यापेक्षा मोठी, मी तिला ताई म्हणते. विधी झाला. अंगणात मांडव घातला होता, पंगत बसली. पोळ्या, भजी, भात, कुरडया, आमटी. मी वाढत होते. माझ्या हातात आमटीची बादली होती, त्यामुळे सगळ्यांची तोंडं मला एका ओळीत दिसली.

पहिल्या भुरक्याला कुणाला कळलं नाही. मग एकेकाचा हात थांबला. कुणी आमटीचा द्रोण बाजूला केला, कुणी भातात कालवलेली ताटाच्या कडेला सारली. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "कडू लागती का रं तुला?" शेजारी म्हणाला, "गप जेव." पोरांनी मात्र सरळ सांगितलं. त्यांच्या आयांनी त्यांना गुळवणी वाढली. मी पुढे गेले की लोक द्रोणावर हात आडवा धरायचे. "बास, बास. पोट भरलं."

ताई शेवटच्या पंगतीला बसली. तिनं पोळीचा तुकडा आमटीत बुडवून खाल्ला. चावत चावत माझ्याकडे बघितलं. सगळ्या बायका ऐकत होत्या.

"वैनी, आईच्या नावाचं जेवण हाय हे."

"व्हय ताई."

"चाखून तरी बघायची."

"चाखली."

"चाखली आन् तरी वाढली?"

मला उत्तर देता आलं असतं. मी नवऱ्याला सांगितलं होतं, मामांना माहीत होतं, आणखी कुणाकुणाला सांगितलं होतं. पण सांगायला लागणारी जी काही उसळी असते, ती माझ्यात उठलीच नाही. मी बादली घेऊन आत गेले. उरलेली आमटी पातेल्यात ओतली आणि भांडी घासायला बसले. ताई न थांबता संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. नवरा तिला सोडून आला आणि मला म्हणाला, "मनावर घेऊ नको." मी घेतलंच नव्हतं. तेच मला त्याला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी घरामागं कुदळीनं खड्डा केला, आमटी त्यात ओतली आणि वर माती ओढली. पाय आपटून आपटून बसवली. मी दारातून बघत होते. काम झाल्यावर ते शेळ्या सोडून माळाला निघून गेले.

गॅसचं झालं ते त्यानंतर, हिवाळ्यात.

सकाळचं काम आवरलं होतं. दूध तापायला ठेवून मी तिथंच खाली बसून तांदूळ निवडत होते. पाठ गॅसकडे होती. दूध उतू गेलं असणार आणि शेगडी विझली असणार. उतू गेलेल्या दुधाचा वास, गॅसचा वास, मला काहीच नाही. डोकं जड वाटत होतं, पण ते तर वर्षभर वाटतच होतं. मामा त्या दिवशी शेळ्या लवकर घेऊन आले होते. अंगणात बसून त्यांनी विडी तोंडात धरली. खिशातली काडीपेटी संपली होती. ती मागायला ते आत आले.

उंबऱ्यावरच ते थांबले. मी मान वर केली. त्यांच्या तोंडावर असं काही आलं होतं जे मी कधी बघितलं नव्हतं. विडी खाली पडली. लग्न होऊन आल्यापासून मामांनी मला कधी हात लावला नव्हता. मी त्यांच्यापुढे डोक्यावर पदर घेतल्याशिवाय जात नसे. त्यांनी पुढे येऊन माझं मनगट धरलं आणि मला ओढत, खरंच फरफटत, अंगणात आणलं. सूप उलटलं, तांदूळ सगळीकडे पसरले. मला निंबाखाली सोडून ते पुन्हा आत धावले, शेगडी बंद केली, सिलिंडरचं बटण फिरवलं, खिडकी उघडली आणि खोकत बाहेर आले.

"तुला वास न्हाई आला?" ते ओरडले. त्यांचा आवाज शेजारी गेला असेल. "अगं, सगळं घर भरलंय! तुला वासच न्हाई आला?"

"न्हाई, मामा."

"आता काडी वढली असती तर?"

"मला वासच येत न्हाई. तवापासून. मी सांगितलं हाय की."

ते निंबाच्या बुडाशी मटकन खाली बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. मग म्हणाले, "सांगितलंस. आमी ऐकलं न्हाई."

मनगटाला त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. मी ते चोळत तिथंच उभी राहिले. मरता मरता वाचले हे मला समजत होतं, एखाद्या दुसऱ्या बाईची बातमी समजावी तसं. मग मी आत जाऊन तांदूळ गोळा करायला लागले.

दुपारी नवरा आला तेव्हा मामांनी त्याला अंगणातच अडवलं. काय बोलले ते सगळं ऐकू आलं नाही. एवढं ऐकलं: "मोटारीचं जळल्यालं कळतं तुला. बायकूचं कळत न्हाई व्हय बे?" नवरा खाली मान घालून उभा होता. संध्याकाळी त्यानं सिलिंडर घराबाहेर काढून भिंतीला भोक पाडलं आणि नळी आत घेतली. भिंतीच्या भोकात सिमेंट लिंपताना त्यानं विचारलं, "माझा पण वास येत न्हाई का गं तुला?"

"न्हाई," मी म्हणाले. तो पुन्हा सिमेंट लिंपायला लागला.

मामांनी नवऱ्याला फोन लावायला लावून लेकीला सगळं सांगितलं. त्यानंतर दोनच दिवसांनी ताई आली. न कळवता, वडवणीच्या बाजारच्या दिवशी. खांद्याला मोठी पिशवी होती. पिशवीतून तिनं एकेक काढून ओट्यावर मांडलं. धने, खोबरं, दगडफूल, सुंठ.

"येसर करू," ती म्हणाली. "तुला येतं का?"

"येतं. उतरायचं कवा तेवढं कळत न्हाई."

"मला तेवढंच कळतं. बाकी काय येत न्हाई," ती म्हणाली. "लग्नाआधी आईनं कढईजवळ बसू दिलं न्हाई. म्हणायची, मधी मधी करू नको. आन् नंतर डबा भरून द्यायची. मी काय शिकणार?"

आम्ही चूल पेटवली. मी कढईपुढे, ती माझ्या शेजारी पाटावर. ज्वारी भाजली, गहू भाजले. ती "हं" म्हणाली की मी उतरवायचे. मधेच म्हणाली, "वैनी, त्या दिवशी मी चारचौघीत बोलले." मी म्हणाले, "धने टाकू का?" ती म्हणाली, "टाक."

धने मी बारीक आचेवर हलवत होते. ती मान पुढे करून बसली होती. "अजून कच्चं हाय... अजून... हां, आता जरा येतंय... थांब, अजून आईवाणी न्हाई..." आणि मग तिचा आवाज बंद झाला. मी उलथनं हलवत राहिले. तिच्याकडे बघितलं तर तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि ती गदागदा हलत होती. कढईतून तिची आई आली होती. मला फक्त धने दिसत होते.

"ताई, उतरवू का?" मी विचारलं.

तिला बोलता येईना. तिनं मान हलवली, ती हो म्हणून की नको म्हणून, मला कळलं नाही.

"ताई, सांग की. उतरवू?"

ती रडतच राहिली. मी माझ्या अंदाजानं कढई खाली घेतली. तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती आणि माझ्या हाताखाली धपापत होती. ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जिवंत आहे असं वाटलं. तिचा मला हेवा वाटला. वर्षा-दीड वर्षात मला वाटलेलं ते पहिलं काहीतरी होतं, आणि ते काही फार चांगलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं तोंड पुसलं, वाकून कढईचा वास घेतला आणि नाक ओढत म्हणाली, "थोडं जास्त झालं गं."

"फेकायचे का?"

"न्हाई. एवढं चालतं. आईचंबी कधी कधी व्हायचं."

खोबरं मात्र आम्ही नीट उतरवलं. संध्याकाळी त्याच येसराची आमटी केली. मामा, नवरा, ताई, तिघं जेवले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मामांनी भुरका मारला. "थोडीशी कडसर लागती," ते म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही, पण पहिली ठेवलीही नाही. ताई म्हणाली, पुढच्या वेळी अजून नीट करू. नवऱ्याला त्यातलं काही कळत नाही, तो नेहमीसारखा जेवला.

त्याला आता काही वर्षं झाली. खारट, गोड, आंबट परत आलं, ते आपलं आपण, कधी आलं ते कळलंही नाही. वास मात्र आला तो वाकडा आला. लसणाची फोडणी दिली की टायर जळल्यासारखं वाटतं. चहाला गंजलेल्या लोखंडाचा वास येतो. एकदा पहाटे उठले तर मोगऱ्याचा वास आला, चांगला खरा मोगऱ्याचा. आमच्याकडे मोगरा नाही. डॉक्टर म्हणतात, होतं असं. मी लसूण घालायची सोडलेली नाही. घरातल्यांना लागतो. फोडणी देताना तोंड दाराकडे करते.

येसर आता ताईच येऊन बघते. वर्षातून दोनदा. आम्ही फारसं बोलत नाही. ती नाक लावते, मी हात चालवते. ती आता रडत नाही. मागच्या वेळी तिनं स्वतः कढई घेतली आणि मला बाजूला बसवलं. तिचे धने करपले, माझ्यापेक्षा जास्त. मग दोघींनी ते फेकून दिले आणि नवे आणायला नवऱ्याला बाजारात पाठवलं.

मुलगी बीडहून संध्याकाळी फोन करते. काय केलंस जेवायला, हे तिचं ठरलेलं. काल मी शेवग्याच्या शेंगा केल्या होत्या.

"कशा झाल्यात?"

"आजोबांनी दोन भाकरी खाल्ल्या."

"आगं, तुला कशा लागल्या?"

मी जरा विचार केला. खोटं सांगण्यासारखं काही नव्हतं.

"गरम व्हत्या," मी म्हणाले. "शेंग चोखताना दाताला चांगलं लागत व्हतं."

ती तिच्या परीक्षेचं सांगायला लागली. मी ऐकत ऐकत ओटा पुसून घेतला.